सम तारीख, विषम तारीख : पुण्याच्या पेठांमधलं पार्किंग

(दृश्य : सदाशिव पेठ, मध्यरात्रीच्या आसपास. माणसं गाड्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेताहेत.)

रात्रीचे बारा वाजत आलेत. सदाशिव पेठेतल्या या रस्त्यावर माणसं किल्ल्या घेऊन खाली उतरली आहेत. कुणालाही कुठं जायचं नाहीये. गाडी फक्त समोरच्या बाजूला न्यायची आहे.

(दृश्य : पी-१ आणि पी-२ च्या पाट्या, जवळून.)

त्याचं कारण ही पाटी. पी-१, पी-२. एका बाजूला विषम तारखांना गाडी लावायची, दुसऱ्या बाजूला सम तारखांना. तारीख बदलली की बाजू बदलायची. महिना एकतीस दिवसांचा असेल तर ३१ नंतर १ येते, दोन्ही विषम, म्हणून तेवढी एक रात्र गाडी हलवावी लागत नाही. पेठेतल्या माणसाला हे तोंडपाठ असतं. जो विसरला, त्याची गाडी सकाळी उचललेली असते.

(दृश्य : दुचाक्या उचलून टेम्पोत चढवणारी मुलं, मागून धावत येणारा माणूस. इथे निवेदन नाही, मूळ आवाज राहू द्यावा.)

दिवसा याच रस्त्यावर खरेदीला आलेल्यांच्या, क्लासला आलेल्यांच्या, टेम्पोवाल्यांच्या गाड्या उभ्या राहतात. मग इथं राहणारे लोक विचारतात, आमच्या दारासमोर आम्हालाच जागा का नाही? आम्हाला परवाना द्या. रहिवाशांचा परवाना, गाडीच्या काचेवर लावायचा. मागणी साधी वाटते. पण ती समजून घ्यायची तर आधी हा वाडा बघावा लागेल.

(दृश्य : वाड्याचा दिंडी दरवाजा, चौक, लाकडी जिना. चौकात दाटीनं लावलेल्या दुचाक्या.)

या दरवाज्यातून पालखी आत येत असेल, घोडा येत असेल. मोटार येईल असं बांधणाऱ्याच्या मनातही नव्हतं. पुढं एकेका वाड्यात कितीतरी बिऱ्हाडं आली. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी गोठली. भाडेकरूला आधार मिळाला, मालकाला डागडुजी परवडेना. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांमधले वाडे पाण्यात गेले. जे उरले ते एकेक करून बिल्डरकडे गेले. वाड्याच्या जागी चार-पाच मजली इमारत उभी राहिली. बिऱ्हाडं वाढली. जमीन तेवढीच होती आणि गल्लीही तेवढीच राहिली.

(दृश्य : इमारतीचा तळमजला. पार्किंगच्या खांबांमध्ये दुकानाचं शटर.)

आणि हे शटर. इमारतीच्या खांबांमधली जागा गाड्यांसाठी सोडलेली असते. ती बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, ती सोसायटीची सामाईक जागा आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१० मध्ये पांचाली सोसायटीच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं. तरी शहरात फिरा. जिथं गाडी हवी होती तिथं झेरॉक्सचं दुकान आहे, गोदाम आहे, क्लास आहे. त्या गाड्या रस्त्यावर आल्या आहेत. परवान्याच्या चर्चेत या शटरचा विषय कुणी काढत नाही. आम्हाला तो आधी काढावासा वाटतो.

(दृश्य : जुन्या चित्रांमधले सायकलस्वार, मग आजचा बाजीराव रस्ता.)

पुणं सायकलींचं शहर होतं. मग आकुर्डीत बजाजच्या स्कूटर बनायला लागल्या आणि घरोघरी स्कूटर आली. २०१८ मध्ये आरटीओच्या नोंदीतल्या वाहनांनी छत्तीस लाखांचा आकडा ओलांडला. शहराची लोकसंख्या तेव्हा पस्तीस लाखांच्या आसपास धरली जात होती. माणसांपेक्षा वाहनं जास्त झाली.

त्याच वर्षी महापालिकेनं पार्किंग धोरण आणलं. रस्त्यावर गाडी लावायची तर पैसे द्यायचे. गर्दीच्या भागात जास्त, बाहेर कमी. रात्री घराबाहेरच्या रस्त्यावर गाडी राहणार असेल, तर त्याचंही शुल्क सुचवलं होतं. तिथंच सगळं पेटलं. आधी बस सुधारा, मग पैसे मागा, असं लोक म्हणाले. त्यात तथ्य होतं. रोजचा बसप्रवास ज्याला भरवशाचा वाटत नाही, तो गाडी सोडणार कशी? विरोधकांनी आंदोलनं केली. मार्च २०१८ मध्ये सर्वसाधारण सभेनं धोरण मंजूर केलं, पण फक्त पाच रस्त्यांवर आणि तेही प्रायोगिक. रात्रीचं शुल्क गळालं. मग ते पाच रस्तेही मागं पडत गेले. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, प्रशासक आले, आणि प्रस्ताव, फेरप्रस्ताव, निविदा यांत वर्षं गेली.

(दृश्य : ड्रोन. पेठेतली गल्ली वरून. दोन्ही बाजूंना गाड्या.)

आता वरून बघा. ही गल्ली सुमारे सहा मीटर रुंद आहे. मोटार पावणेदोन मीटरच्या आसपास. दोन्ही बाजूंना लावल्या तर मध्ये अडीच मीटर उरतात. अग्निशमन दलाचा बंब साधारण तेवढाच रुंद असतो. रुग्णवाहिका कशीबशी जाते.

पुढचं गणित सरळ आहे. शंभर मीटरची एक बाजू घेतली आणि एका मोटारीला पाच मीटर धरले, तर फार तर वीस मोटारी. त्यातून इमारतींची दारं, कोपरे, कचऱ्याच्या गाडीची जागा, भाजीची हातगाडी वजा करा. उरलेल्या जागा बोटांवर मोजता येतील आणि समोरच्या इमारतींमध्ये घरं आहेत शंभरावर. परवाना मागणाऱ्या सगळ्यांना परवाना दिला, तर तो काचेवर चिकटवलेला नुसता कागद होईल. रात्री बारा वाजता पुन्हा हीच धावपळ.

(दृश्य : रिकाम्या जागेवर ठेवलेली प्लास्टिकची खुर्ची, दगड, कुंडी, दोरी. पाठोपाठ.)

तोवर लोकांनी आपापले परवाने काढलेत. खुर्ची. दोन दगड. तुळशीची कुंडी. दोरी.

(दृश्य : झाकण घातलेली मोटार, वर धूळ, चाकाखाली पाला.)

ही मोटार आम्ही चित्रीकरणाला आलो तेव्हापासून हललेली नाही. पार्किंगच्या हिशेबात अशा एका मोटारीला सुमारे साडेबारा चौरस मीटर जागा धरतात. अशा दोन मोटारी मिळून पंचवीस. झोपडपट्टी पुनर्वसनात अख्ख्या कुटुंबाला मिळणारं घर तीनशे चौरस फुटांचं, म्हणजे अठ्ठावीस चौरस मीटरही नाही. मध्यवर्ती पुण्यातली एवढी जमीन या मोटारीला फुकट मिळते आहे. म्हणून परवाना द्यायचाच असेल तर तो पैसे घेऊन द्यावा, घरटी एकच द्यावा, आणि गल्लीत जेवढी जागा मोजून भरेल तेवढेच द्यावेत. दुसऱ्या मोटारीला भरपूर महाग करावा. बंगळूरूच्या पार्किंग धोरणात रहिवासी परवान्याचे दर सुचवले गेले ते लहान मोटारीला वर्षाला एक हजार आणि मोठीला पाच हजार. पेठेतल्या जागेला हे दर फारच स्वस्त आहेत, पण गाडीचा आकार वाढला की पैसे वाढावेत, हे तत्त्व घ्यावं.

जपानमध्ये १९६२ च्या कायद्यानं गाडी ठेवायला जागा असल्याचा दाखला बहुतेक ठिकाणी खरेदीआधीच लागतो. जागा घरापासून दोन किलोमीटरच्या आत असावी लागते, पोलीस खात्री करतात. महाराष्ट्रातही मे २०२५ मध्ये परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी अशाच दाखल्याची घोषणा केली. ती नव्या गाड्यांसाठी. पेठेत आज उभ्या असलेल्या गाड्यांचा प्रश्न त्यानं सुटत नाही.

(दृश्य : हमालवाडा वाहनतळ, नारायण पेठ. मग मंडईतला वाहनतळ.)

महापालिकेचे वाहनतळ जवळच आहेत. नारायण पेठेत हमालवाडा, मंडईत आर्यन आणि मिनर्व्हा. ते दिवसभर खरेदीदारांसाठी चालतात. रात्री बाजार बंद झाल्यावर रहिवाशांना मासिक पासावर ते मिळाले, तर आजूबाजूच्या गल्ल्यांना थोडा श्वास घेता येईल. यासाठी नवं काहीही बांधावं लागत नाही.

(दृश्य : अभ्यासिकेबाहेर दुचाक्यांची रांग. नंबरप्लेट एकेक करून : एमएच १३, २३, २४, २५.)

सोलापूर, बीड, लातूर, धाराशिव. या दुचाक्या अभ्यासिकेत बसलेल्या मुलामुलींच्या आहेत. स्पर्धा परीक्षेसाठी आलेली ही मुलं पेठेत कॉटबेसिसवर, म्हणजे खोलीतली एकेक कॉट भाड्यानं घेऊन राहतात, मेसमध्ये जेवतात, इथंच वर्षानुवर्षं काढतात. परवान्याची मागणी करणाऱ्या बैठकीत आम्ही बसलो होतो. तिथं त्यांची गणती 'बाहेरच्या गाड्यां'त होत होती.

हे आम्हाला पटत नाही. ही मुलं दर महिन्याला भाडं देतात. त्यांच्या पैशावर मेस चालतात, झेरॉक्सची दुकानं चालतात, आणि कित्येक मालकांचं घरही चालतं.

(दृश्य : कॉट, पुस्तकं, भिंतीवर नकाशा. मुलगी खिडकीतून खाली गाडीकडे पाहते.)

परवान्यासाठी पुरावा लागेल. वीजबिल मालकाच्या नावावर. भाडेकरार बहुतेकांकडे नाही. मालक करून देत नाहीत, कारण पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात चाळीस टक्के सवलत मिळते आणि भाडेकरू कागदावर आला की ती धोक्यात येते. त्यामुळे परवान्याचा अर्ज छापण्याआधी महापालिकेला भाडेकरूंसाठी वेगळा पुरावा ठरवावा लागेल. मेसचं कार्ड आणि अभ्यासिकेची पावती धरली, तरी चालण्यासारखं आहे.