घोट्याजवळची गाठ

निवेदन

(उसाचं रान, पाचट, भांगलणाऱ्या बायका)
पंचगंगेकाठचं उसाचं रान. भांगलण सुरू आहे. पायात कोल्हापुरी पायताण, वरून उघडं. पाचटाची धार, कुपाटीचा काटा. पायाला रोज काहीतरी लागतंच. एरवी त्याकडं कोण बघतंय? पण किडनी बदललेल्या माणसानं बघायला हवं.

(गोळ्यांचा डबा)
टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन. शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून या गोळ्या प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात. मग कातडीवर पुटकुळ्या, शिबं, गजकर्ण, चामखिळी, नागीण असं एकेक उगवायला लागतं. गजकर्णाला मेडिकलमधली स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब लावली की खाज थांबते आणि बुरशी मात्र पसरत जाते.

(पायाचं जवळून दृश्य)
घोट्याजवळची ही गाठ बघा. सुपारीएवढी. दुखत नाही, ताप नाही. कुरूप समजून महिनोन्‌महिने अंगावर काढली जाते. माती, कुजकं लाकूड, पाला यांत राहणारी काळी बुरशी काट्याबरोबर आत जाते आणि अशीच मुकाट वाढते.

(बायॉप्सी, प्रयोगशाळा)
जागेवर भूल देऊन तुकडा काढतात आणि त्याचे दोन भाग करतात. एक फॉर्मेलिन या तुकडा टिकवणाऱ्या रसायनात, दुसरा सलाइनमध्ये, म्हणजे मिठाच्या पाण्यात. घाईत सगळाच फॉर्मेलिनमध्ये गेला तर बुरशी मरते, कल्चर म्हणजे प्रयोगशाळेत वाढवून बघायची बुरशी उगवतच नाही. काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून थोडं थांबायचं. आता दिसतायत ते तपकिरी, पेरापेरांचे धागे. रंग बाहेरून दिलेला नाही, तो बुरशीचाच. कल्चरला मात्र 4 आठवडेही लागतात.

(रक्ततपासणी)
जमेल तिथं गाठ पूर्ण काढतात. जोडीला बऱ्याचदा इट्राकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध असतं, आणि खरी गोम इथंच आहे. टॅक्रोलिमसचा निचरा करणारं एन्झाइम हे औषध अडवतं. टॅक्रोलिमसचा जुनाच डोस चालू राहिला तर त्याची रक्तातली पातळी चढते, हात थरथरतात, किडनीचं काम सांगणारं क्रिएटिनिन वाढतं. म्हणून किडनीच्या डॉक्टरांना आधी विचारून डोस कमी करायचा आणि पातळी लवकर तपासायची. तपासणीला रक्त द्यायचं ते टॅक्रोलिमसच्या रात्रीच्या गोळीनंतर 12 तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी. गोळी घेऊन आलात तर आकडा फुगून येतो. इट्राकोनॅझोल बंद झालं की उलटा हिशेब: टॅक्रोलिमसचा डोस पुन्हा वाढवायचा. ते राहून गेलं तर किडनीही जाऊ शकते.

(ओपीडी)
फेरतपासणीला पायताण, मोजे काढून तळवे आणि बोटांच्या बेचक्याही दाखवा. डॉक्टरांनी नाही विचारलं तरी. आणि रानात जाताना गमबूट घाला.