बुधवारचे गाव

श्रोतेहो, नमस्कार.

इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यात मार्केट ड्रेटन नावाचे एक छोटे गाव आहे. राजा तिसरा हेन्री याने १२४५ साली तेथे आठवडी बाजाराची सनद दिली आणि तो बाजार आजही दर बुधवारी भरतो. येथील प्रवासी रेल्वे १९६३ साली बंद झाली, त्यामुळे श्रूजबरीहून बसने जावे लागते. एवढा खटाटोप करायचा तर बुधवार गाठूनच करावा, कारण एरवी हे गाव अगदीच सुस्त असते.

१६५१ साली एका बेकरीत लागलेल्या आगीत लाकडी घरांचे हे गाव बहुतांशी जळून गेले. लोणी-चीज विकणाऱ्यांना आडोसा म्हणून खांबांवर उभारलेले छप्पर चौकात आहे, त्याच्या माथ्यावर एक घंटा टांगलेली दिसते. पुन्हा आग लागलीच तर गाव गोळा करण्यासाठी ती आहे, असे सांगतात.

मात्र माझी पावले वळली ती सेंट मेरी चर्चकडे. रॉबर्ट क्लाइव्ह १७२५ साली या गावाजवळच जन्मला. लहानपणी तो या चर्चच्या मनोऱ्यावर चढून दगडी पन्हाळीच्या विक्राळ मुखवट्यावर जाऊन बसला, आणि पोरांची टोळी जमवून दुकानदारांकडून 'खिडक्या फोडणार नाही' याचे पैसे उकळत असे, अशा दंतकथा तेथे मोठ्या कौतुकाने सांगितल्या जातात. मनोऱ्याकडे मान उंचावून पाहताना मला मात्र विजयदुर्ग आठवत होता. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसनच्या आरमाराने त्या किल्ल्यावर तोफा डागल्या, क्लाइव्ह फौज घेऊन किनाऱ्यावर उतरला आणि तुळाजी आंग्र्यांची गलबते बंदरातच जळाली. पेशव्यांनी त्यात इंग्रजांना साथ दिली होती, हेही आपण विसरू नये. पुढे लूट वाटून घेतली ती इंग्रजांनी. दुकानदारांकडून पैसे उकळण्याची ती दंतकथा मला म्हणूनच फारशी अविश्वसनीय वाटली नाही.

बाजारातून मी जिंजरब्रेड घेतले, ज्यासाठी हे गाव प्रसिद्ध आहे. बोटाएवढ्या लांब, कडक कांड्या. तिथले लोक त्या पोर्ट वाइनमध्ये बुडवून खातात. मी चहात बुडवली. जिभेवर आधी गोडवा आला आणि मागाहून, घशाशी, आपल्या ओळखीची सुंठ.