समुद्रात बांधलेलं शंकराचं मंदिर

नमस्कार मंडळी. जागेच्या भानगडी नागपूरकराला काय शिकवायच्या. लेआऊट, सातबारा, डिमांड नोट, आरएल लेटर हे शब्द आपल्याकडे पोरगं दहावी व्हायच्या आधीच ऐकून ऐकून पाठ करते. म्हणून आजची मंदिराची गोष्ट तुम्हाला पटकन कळेल, कारण ती देवाची कमी आणि जागेची जास्त आहे.

मंदिर आहे त्रिनिदादला. हो, वेस्ट इंडिजमधलं त्रिनिदाद. १९७१ साली गावसकरांनी पोर्ट ऑफ स्पेनला एकाच टेस्टमध्ये १२४ आणि २२० ठोकले होते ना, तेच. तिथे स्टँडमध्ये आपल्यासारखी दिसणारी, रामप्रसाद, महाराज अशी आडनावं लावणारी माणसं बसलेली असतात, ती काही फिरायला गेलेली नाहीत, त्यांचे पणजोबा-खापरपणजोबा ऊस तोडायला नेले होते.

झालं काय, १८३८ मध्ये इंग्रजांच्या मळ्यांवरचे गुलाम पूर्ण सुटले आणि मळेवाल्यांना स्वस्तात मजूर मिळेना, मग त्यांनी नजर वळवली हिंदुस्थानाकडे. ३० मे १८४५ ला फतेल रझाक नावाचं जहाज कलकत्त्याहून सव्वादोनशेच्या आसपास माणसं घेऊन त्रिनिदादला लागलं. तीन महिन्यांच्या वर समुद्रावर, आणि त्यातल्या बहुतेकांनी त्याआधी समुद्र पाहिलेलाही नसेल. १९१७ पर्यंत हे चालू होतं, एकूण एक लाख त्रेचाळीस हजारांच्या वर माणसं गेली. बहुतेक बिहार आणि पूर्व युपीची, काही मद्रासकडची, सुरुवातीच्या काळात छोटा नागपूरचे आदिवासीपण होते. आपलं नागपूर नाही बरं, ते झारखंडातलं, पण कुठे वाचलं की आपले कान टवकारतातच.

यांना म्हणायचे गिरमिटिया. पाच वर्षांचा करार, राहायला मळ्यावरच्या बराकी, एका खोलीत अख्खं कुटुंब, आणि मळा सोडून बाहेर जायचं तर पास पाहिजे, पास नसला की जेल. आता अशा माणसानं देव ठेवायचा कुठे? बराक मालकाची, अंगण मालकाचं, झाडसुद्धा मालकाचं. मग बराकीसमोर मातीचा छोटा ओटा, त्यावर एखादा दगड नाहीतर फोटो, शेजारी बांबूला रंगीत झेंडी. ही झेंडी आजही तिथल्या हिंदू घराची खूण आहे, पूजा झाली की अंगणात बांबू रोवायचा, हनुमानाची लाल, बाकीच्या देवांच्या वेगवेगळ्या. मला यातली अक्कल आवडते, कारण बांबू रोवायला पाया खणावा लागत नाही, मालक ओरडला तर उपटून दुसरीकडे लावता येतो.

१८६९ नंतर सरकारने एक स्कीम काढली, परतीचं तिकीट सोडा आणि त्याबदल्यात जमिनीचा तुकडा घ्या. कित्येकांनी घेतला. गावं वसली, स्वतःच्या जमिनी झाल्या आणि मग कुठे पक्की देवळं उभी राहायला लागली. पण ज्यांच्या नशिबी तुकडा आला नाही ते राहिले मळ्याच्याच भरवशावर.

आता शिवदास साधूंकडे येऊ. १९०७ मध्ये आईबापासोबत भारतातून गेले तेव्हा जेमतेम चार वर्षांचे होते. वॉटरलू नावाच्या गावाजवळच्या उसाच्या मळ्यावर मोठे झाले, तिथेच मजुरी केली. कमाई साधी, पण पैसे जमवून जहाजाने भारतात तीर्थयात्रा करून यायचे. मग ठरवलं की आता इथेच मंदिर बांधायचं. १९४७ मध्ये, म्हणजे इकडे आपल्याकडे झेंडावंदन होऊन राहिलं तेव्हा, तिकडे त्यांनी समुद्राच्या काठाला, दलदलीसारख्या पडीक जागेवर शंकराचं छोटं मंदिर बांधलं. पडीक खरी, पण कागदावर होती साखर कंपनीची, कारोनी लिमिटेड, आणि तिचे मालक टेट अँड लाइल, लंडनचे.

पुढचं तुम्ही सांगू शकता. मंदिर पाडा म्हणून सांगितलं, यांनी ऐकलं नाही, प्रकरण कोर्टात गेलं. १९५२ मध्ये दुसऱ्याच्या जागेत घुसल्याबद्दल १४ दिवसांची जेल, वरून दंड, आणि मंदिर पाडलं.

इथे जरा थांबतो, कारण तुमच्यातले काही जण म्हणतील, बरोबरच आहे ना भाऊ, अतिक्रमण ते अतिक्रमण. २०१८ मध्ये हायकोर्टाच्या आदेशानंतर आपल्या शहरात रस्त्यांवरची, फुटपाथवरची देवळं काढायला पथकं निघाली तेव्हा किती राडा झाला होता ते आठवत असेल. मी तेव्हाही म्हणत होतो आणि आताही म्हणतो, रस्त्याच्या मधोमध देव बसवून मागे दुकान काढणाऱ्याचा मला काही पुळका नाही. पण शिवदासांची केस वेगळी आहे. ज्या मळ्यावर घरच्यांनी घाम गाळला त्याच मळ्याच्या कडेला कोणी विचारत नव्हतं असा तुकडा, आणि विकत घ्यायची ऐपत नाही. दोघांनाही अतिक्रमणच म्हणतात, कायद्याला फरक दिसत नाही, आपल्याला दिसायला पाहिजे.

तर जेलमधून सुटल्यावर शिवदासांनी हिशोब केला की जमिनीला मालक असतो, समुद्राला नसतो. मग समुद्रातच बांधू.

आपण विदर्भवाले, भरती-ओहोटी आपल्याला भूगोलाच्या पुस्तकातच भेटते, म्हणून सांगतो. वॉटरलूचा किनारा म्हणजे वाळू नाही, चिखल. ओहोटीला पाणी लांबवर मागे जातं आणि नुसता गाळ उघडा पडतो, त्यावर पक्षी उतरतात. हा माणूस ओहोटीची वाट पाहायचा. सायकलवर दोन बादल्या आणि चामड्याची एक पिशवी, त्यात दगड, रेती, सिमेंट, जमेल तेवढं. ते घेऊन चिखलात उतरायचं, लोखंडी ड्रम उभे करायचे, त्यात काँक्रीट ओतायचं, भरती आली की मागे फिरायचं. असं ड्रमला ड्रम लावत किनाऱ्यापासून आत सुमारे ५०० फूट रस्ता आणि टोकाला मंदिराचा चौथरा. लोक हसायचे, येडा म्हणायचे. ते स्वाभाविक आहे म्हणा, आपल्या गल्लीत कोणी असं करायला लागला तर आपणही चहाच्या टपरीवर तेच बोललो असतो.

वर्षानुवर्षं चाललं हे. समुद्र काही भक्त नाही, तो लाटांनी बांधकाम खातच राहिला आणि मंदिर त्यांच्या हयातीत पूर्ण झालंच नाही. गेल्यानंतर तर पडझड आणखी वाढली. ते परत उभं केलं सरकारने, १९९४-९५ मध्ये, पहिलं जहाज आल्याला १५० वर्षं होत होती त्या निमित्ताने. भरतीतही चालता येईल असा पक्का रस्ता, पांढरं अष्टकोनी मंदिर, आवारात शिवदासांचा पुतळा. किनाऱ्यावर शेजारीच हिंदूंचा घाट आहे, तिथे अंत्यसंस्कार होतात. जवळच कारापिचाइमाला दत्तात्रेयाचं मंदिर आणि ८५ फुटी हनुमान आहे, तो मात्र मजुरांच्या काळातला नाही, अलीकडचा, २००३ चा. टुरिस्ट दोन्ही एका फेरीत करून घेतात.

एका गोष्टीवर माझं त्या सरकारशी पटत नाही. पाट्यांवर, माहितीपत्रकांवर शिवदासांची भक्ती, चिकाटी, सगळं भरभरून असतं, पण कंपनीने केस केली होती हा भाग दोन ओळींत आटपतात. अहो, ती केस नसती तर समुद्रात कोण कशाला गेलं असतं? एका मजुराच्या देवाला एवढ्या मोठ्या मळ्यात एक तुकडा मिळाला नाही, म्हणून ते मंदिर पाण्यात आहे.

आणि ती कंपनी? नंतर सरकारच्या ताब्यात गेली, तोट्यात गेली आणि २००३ मध्ये बंद झाली. नऊ हजारांच्या आसपास कामगार घरी बसले. आपल्या एम्प्रेस मिलच्या जागेवर मॉल झाला तसं तिकडे उसाच्या जमिनींचं काय करायचं यावर भांडणं सुरू झाली, आणि त्या जुन्या कामगारांना कबूल केलेले प्लॉट आणि त्यांचे कागद मिळवायला वर्षानुवर्षं ऑफिसांच्या चकरा माराव्या लागल्या.