पटाची माणसं

शंकरपटावर, म्हणजे आपल्याकडच्या बैलांच्या शर्यतींवर बोला, असा तुमचा निरोप आला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे बैल आले नाहीत, माणसं आली. कोणत्या साली कोणाची जोडी पहिली आली, हे कमिटीच्या जुन्या वहीत सापडेल. त्या माणसांची नोंद मात्र कोणी ठेवली नाही. म्हणून आज त्यांच्याविषयीच बोलतो.

समोर शाळेतली मुलं बसली आहेत, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. धान निघालं, पुंजणे मोडून मळणी झाली, की गावाबाहेरची जागा सपाट करून धाव तयार व्हायची. दोन बैल, एक हलका छकडा आणि त्यावर एकटा धुरकरी. कुठे दोन जोड्या बरोबरीने सुटतात, कुठे एकेक जोडी घड्याळावर धावते. अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासरचा पट मोठ्या नावाचा. आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत पट म्हणजे दिवसा बैल आणि रात्रभर नाटक. लेकी माहेरी येत, घराघरात पाहुणे मावत नसत, आणि चार सोयरिकी त्याच गर्दीत जुळत.

आमच्या गावचा धुरकरी वाड्यावर सालदार होता. मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, 1951 सालीच गेली होती, पण मी कळता झालो तेव्हाही वाड्याच्या गोठ्यात गवळाऊ बैलांची जोडी होती. पांढरी, लांबट तोंडाची, अंगाने हलकी. वर्धा-नागपूरकडची ही जात मुळात चालण्या-धावण्याचीच. धुरकऱ्याला स्वतःची धानाची एक बांधी नव्हती. वर्षभर वाड्याच्या ओसरीवर तो चढत नसे. पटाच्या दिवशी मात्र वाड्याचे मालक त्याच्याजवळ येऊन उभे राहत आणि विचारत, "आज जोडी धावेल का?" तो लगेच उत्तर देत नसे. आधी बैलांच्या पाठीवरून हात फिरवत असे. तो क्षण मी सात-आठ वर्षांचा असताना पाहिला आहे, आणि माणसाची किंमत म्हणजे काय हे मला तिथे पहिल्यांदा कळलं.

पोळा झाला की त्याची तयारी सुरू. पहाटे बैल तलावावर नेऊन पाण्यात पोहवायचे. मग घोंगडीच्या तुकड्याने अंग चोळायचं. तणस, म्हणजे धानाचा पेंढा, सगळेच घालत, पण तो वरून तुरीचं कुटार, भिजवलेली जवसाची ढेप आणि थोडा गूळ द्यायचा, तेही बसून, बैलाचं खाणं संपेपर्यंत. मी एकदा विचारलं की इथे बसून काय करता. म्हणाला, "कोन किती खाते, कोन आधी तोंड फिरवते, हे पायतो बाबू. पट इथंच जिकला जाते." पट गोठ्यात जिंकला जातो! पुढे अनेक जाणकार भेटले, पण याहून खरं मला कोणी सांगितलं नाही.

तुतारी त्याच्या हातात मी कधी पाहिली नाही. टोकाला खिळा बसवलेली ती काठी दुसऱ्यांच्या हाती असे. हा नुसती जीभ टाळूला लावून एक आवाज काढायचा आणि कासरा सैल सोडायचा. "तुतारी हाती घेतली का बैल आपला नाही रायत," म्हणायचा.

सगळे असे नव्हते, हेही मला सांगितलं पाहिजे. खिळे टोचणं, शेपटी पिरगाळणं, बैलाला दारू पाजणं मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि शर्यती बंद झाल्या, तेव्हा मला फार वाईट वाटलं. पण ज्या छळावर न्यायालयाने बोट ठेवलं, तो खोटा नव्हता.

दुसरा माणूस बैलांचा पारखी. दर बाजारात तो दिसायचाच. बैलाचा खालचा ओठ दाबून दात बघायचा: आदात म्हणजे अजून दुधाचेच दात, दुसा म्हणजे दोन पक्के, चौसा म्हणजे चार, जुळला म्हणजे आठही आलेले. बैलाला वरचे पुढचे दात नसतात, वय खालच्या आठांवरच ओळखायचं. पण हा दात शेवटी बघायचा. आधी बैल चालवून घ्यायचा आणि मागचा खूर पुढच्या खुराच्या उमटलेल्या जागी पडतो का ते मातीत वाकून पाहायचा. सौदा दुपट्ट्याखाली, बोटं दाबून. आजूबाजूला पन्नास माणसं असली तरी आकडा दोघांनाच कळायचा. जोड जुळवण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नसे. दोन तेज बैल एका जुवाखाली आणले की तेज जोडी होते, असं लोकांना वाटतं. तो म्हणायचा, दोघं एका झटक्यात उचलले पाहिजेत. एक क्षणभर आधी सुटला तर दुसऱ्याची मान ओढली जाते आणि छकडा तिरपा होतो.

आणि तिसरे आमचे गुरुजी, घड्याळवाले. पटाचे तीन दिवस शेवटच्या रेषेवर खुर्ची टाकून बसत. एका पटात सुटण्याची खूण म्हणून फटाका फोडायचं ठरलं. गुरुजींनी साफ नकार दिला. आम्हाला त्यांनी तिथेच समजावलं: आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. जोडी तेवढ्या अंतरावरून सुटली, तर फटाका कानावर येईपर्यंत एक सेकंद गेलेला असतो, आणि इथे जोड्या सेकंदाच्या शंभराव्या भागाने हरतात. "कानावर जाऊ नका, झेंडीवर डोळा ठेवा." भौतिकशास्त्राचा हा धडा मी पुस्तकात पुष्कळ वर्षांनी वाचला. पैसेवाला असो की गरीब कास्तकार, गुरुजींनी सांगितलेल्या वेळेवर वाद झालेला मला आठवत नाही.

बंदीच्या काळात गुरुजी गेले. पारखीही गेला. 16 डिसेंबर 2021 ला न्यायालयाने परवानगी दिली, मग 18 मे 2023 ला घटनापीठाने शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा मान्य केला. आता डॉक्टरची तपासणी लागते, तुतारीला बंदी आहे. चांगलं झालं. धुरकऱ्याने जे आपणहून पाळलं, ते कायद्याने सगळ्यांना लावलं. पण मधली सात वर्षं कोणी पोरगं पहाटे गोठ्यात बसलं नाही, आणि ही विद्या बसल्याशिवाय येत नाही.

परवानगीनंतर गावात पुन्हा पट भरला तेव्हा धुरकरी ऐंशीच्या पुढे गेला होता. नातवाने त्याला खुर्चीवर बसवून धावेच्या टोकाशी आणलं. शेजारच्या गावची एक देखणी जोडी जुंपून तयार होती. मालक तरुण, आदराने वाकला आणि म्हणाला, "आजा, एकदा हात लावून दे." म्हाताऱ्याने दोन्ही पाठींवरून हात फिरवला, उजव्या बैलाच्या खांद्यावर तो थांबला.

"याले आज सोड गा. हा पळनार नाही."

पोरगा गोंधळला. बैल तर उभा होता ठणठणीत. बरोबरचे लोक कुरकुरले, लाऊडस्पीकरवर जोडीचं नाव दोनदा पुकारलं गेलं. त्याने क्षणभर म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि जू उतरवलं.

संध्याकाळी खूर धुताना त्या बैलाच्या पुढच्या उजव्या पायात, दोन खुरांच्या मधल्या बेचक्यात, बाभळीचा काटा सापडला. पोरगा तो काटा हातात घेऊन म्हाताऱ्याच्या घरी आला, तेव्हा मी तिथेच बसलो होतो. म्हाताऱ्याने काट्याकडे पाहिलंसुद्धा नाही. विचारलं, "बैल जेवला का?"