बे-लीफ: सुटं करून पुन्हा उभारलेलं घर

समोरून पाहिलं, तर या घरानं पोट आत ओढून घेतलंय असं वाटतं. दोन्ही टोकांचे वरचे मजले पुढे आलेत. मधली भिंत मात्र जमिनीपासून वळचणीपर्यंत सरळ चढते. छप्पर सलग एकच. त्यामुळे मध्यावर वळचण खोल येते आणि तिला बाकदार लाकडांचा आधार द्यावा लागतो. इंग्लंडच्या आग्नेयेला, वील्ड या जंगलाळ मुलखात, खाऊनपिऊन सुखी शेतकऱ्याचं घर असं असे. बे-लीफ मूळचं केंटमधल्या चिडिंगस्टनजवळचं.

आत या. मधल्या दालनाला माळा नाही. मान वर केली की थेट वासे. धुराडंही नाही. जमिनीच्या मधोमध उघडी आगटी, आणि धूर कौलांच्या फटींतून वाट काढेल तेव्हा काढेल. अशा दालनांची वरची लाकडं काजळून जातात. पुढच्या पिढ्यांनी धुराडं बांधलं, माळा घातला, तरी छपरातली काजळी जुनी आगटी सांगून टाकते. खिडक्यांना काच नाही, नुसते लाकडी गज आणि झडपा. तिथली थंडी लक्षात घेता कठीणच काम!

आता सांधा जवळून पाहू. एका लाकडात खाच, दुसऱ्याचं टोक तासून त्यात बसवलेलं, आणि आरपार ठोकलेली ओकची खुंटी. लाकूड ओलं असतानाच घडवायचे. वाळताना ते आक्रसतं, पिळतं. भार पेलतो तो हा सांगाडा. मधल्या भिंती आपल्या कोकणातल्या कुडासारख्या: काटक्यांचं विणकाम, वर शेण-मातीचा गिलावा.

खुंट्या काढल्या की सांगाडा सुटा होतो. 1960 च्या दशकाच्या अखेरीस बाउ बीच जलाशयात ही जागा बुडणार होती, तेव्हा घर लाकूड-लाकूड वेगळं करून वेस्ट ससेक्समधल्या सिंगलटनला नेलं. तिथल्या वील्ड अँड डाउनलँड संग्रहालयात ते पुन्हा उभं आहे.

लाकडातली वाढीची वर्तुळं तपासल्यावर वयही कळलं. दालन 1405 ते 1430 च्या दरम्यानचं; मालकाच्या खोल्यांचं टोक 1505 ते 1510 चं. या नव्या टोकाला, वरच्या निजायच्या खोलीला लागूनच संडास आहे. नळ नाही, मोरी नाही, पडेल ते सरळ खाली. तरी त्या काळच्या शेतकऱ्याकडे वरच्या मजल्यावर ही सोय म्हणजे थाटच.