हिरवं पाणी आणि तीन मीटर पाऊस

(गोव्यात फोंड्यातल्या एका वाचनालयात दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

मंडळी, फोंड्यात उभं राहून स्विमिंग पूलवर बोलायचं म्हणजे जरा चोरट्यासारखं वाटतं. इथे ज्याच्या त्याच्या आठवणीत देवळाची तळी आहे. तळीचं पाणी हिरवट असलं तरी त्यात मासे असतात, कुणी तक्रार करत नाही. पूलवाल्याला मात्र निळंच पाणी हवं असतं, आणि ते बिघडलं की त्याला रसायनशास्त्राचा निवृत्त मास्तर आठवतो.

शिवोलीला एक बंगला आहे. मालक बाहेरगावी, घर राखणदाराच्या हाती. राखणदार म्हटल्यावर तुमच्यातल्या काहींना गावाची राखण करणाऱ्या देवाला वाहायचा रोट आठवला असेल. हा हाडामांसाचा माणूस, बिडी ओढणारा. जानेवारीत मालक गेले तेव्हा सांगून गेले, रोज एक गोळी टाक. यानं इमानदारीनं रोज 200 ग्रॅमची एक गोळी टाकली. मे महिन्यात मी गेलो तर पाणी मेथीच्या भाजीसारखं हिरवं, आणि राखणदार रडकुंडीला आलेला. ‘काका, एक दिवस चुकवला नाही हो!’

मी क्लोरीन मोजलं. 3 पीपीएम, दहा लाख भागांत तीन. म्हणजे कागदावर सगळं ठीक. क्लोरीन आहे आणि शेवाळंही आहे, दोघं शेजारी नांदतायत!

गोम त्या गोळीत होती. ती टीसीसीएची, म्हणजे क्लोरीन आणि सायन्युरिक आम्ल यांची जोडगोळी. हे आम्ल वाईट नाही. भर उन्हात उघडं क्लोरीन तासाभरात निम्म्याहून कमी होतं; सायन्युरिक त्याला धरून ठेवतं, छत्रीसारखं. पण क्लोरीन वापरलं जातं आणि छत्री पाण्यातच राहते. ती उडत नाही, गाळणीत अडकत नाही. या गोळ्यांतून 10 पीपीएम क्लोरीन आलं की सोबत 6 पीपीएम सायन्युरिक येतं. पूल 70,000 लिटरचा. रोज एक गोळी म्हणजे अडीच पीपीएमच्या आसपास क्लोरीन, शंभर दिवसांत दीडशेवर सायन्युरिक, आणि आधीचं होतं ते वेगळंच. 30 ते 50 पुरे असतं. त्यापुढे छत्री इतकी दाट होते की क्लोरीनला शेवाळापर्यंत पोचताच येत नाही.

ते मोजायची तऱ्हा मला फार आवडते. पूलच्या पाण्यात मेलामाइनचं द्रावण घातलं की ते दुधाळ होतं. एका नळीच्या तळाला काळा ठिपका असतो. वरून बघत बघत हे दूध ओतत जायचं. ठिपका दिसेनासा झाला की थांबायचं आणि नळीवरचा आकडा वाचायचा. आमचा ठिपका पहिल्या धारेतच गेला. तो आकडा विश्वासाचा नसतो. म्हणून नमुन्यात तेवढंच बिसलरीचं पाणी मिसळून पुन्हा केलं. 90 आलं, दुपटीनं 180.

शेवाळ मारायला सायन्युरिकच्या साधारण 40 टक्के क्लोरीन लागतं. 180 ला 72 पीपीएम! पूल नव्हे, ब्लीचिंगचा हौद झाला असता. राखणदाराचा भाऊ कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, राबणारा, त्यानं उपाय सुचवला: पोफळींना कोळेरोगासाठी मारतो तसं मोरचूद टाकूया. माणूस चुकीचं बोलत नव्हता, तांब्यानं शेवाळ मरतं. पण तांबं पाण्यात राहतं, फरशीवर डाग धरतं, आणि सोनेरी केस हिरवे होतात ते याच तांब्यानं. नाव मात्र क्लोरीनचं खराब होतं.

खरा इलाज एकच, पाणी बदलणं. मे महिन्यात टँकर लावायचे? गावाला नळाचं पाणी नाही आणि आपण पूल भरायचा? मला ते पटेना. आणि आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो की! पूल सरासरी चार-साडेचार फूट खोल, वरून पडणारं पाणी तीन मीटर. म्हटलं, गोळ्या बंद, आता पावसाला करू दे.

पूल रिकामा करू नका, एवढं मात्र बजावून सांगितलं. नदीकाठची जमीन, पावसाळ्यात भूजल वर येतं, आणि रिकामा पूल होडीसारखा खालून उचलला जाऊन तडकतो. रोज तासभर पंप फिरवून पाणी ढवळायचं, काठोकाठ आलं की वीतभर सोडून द्यायचं. क्लोरीन शून्यावर आल्यावर डासांसाठी विहिरीतले गप्पी आणून सोडले. शेजारच्या मुलांनी त्यांना नावंसुद्धा ठेवली.

गणपतीची चवथ झाल्यावर पुन्हा मोजलं. सायन्युरिक 40. पावसाचं पाणी मऊ, त्यामुळे क्षारता पार खाली गेलेली आणि पीएच 6.8. पावणेपाच किलो खायचा सोडा घातला, क्षारता 40 पीपीएमनं वर आली. पीएच सात-साडेसातच्या मध्ये आणला, कारण साडेसातला निम्मंच क्लोरीन मारक रूपात असतं, आठला जेमतेम चौथा हिस्सा. गप्पी परत विहिरीत. तळाची कुजकी पानं जाळीनं उपसली. ती ठेवून क्लोरीन घालणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणं. मग संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, दहा टक्क्यांचं द्रवरूप हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, 11 लिटर. त्यानं 16 पीपीएम होतं.

इथे एक प्रसंग घडला. राखणदारानं पीएच उतरवायच्या आम्लाचा मग न धुता हायपोत बुडवायला घेतला. मी इतका जोरात ओरडलो की कुत्रं पळालं. आम्ल आणि हायपो भेटले की क्लोरीन वायू सुटतो, फुप्फुसं जातात. दोन मग, दोन रंग, त्याच दिवशी आणले.

दुसऱ्या सकाळी क्लोरीन शून्य. घाबरायचं नाही, ते कामी आलं. पुन्हा घाला, भिंती घासा, पंप दिवसरात्र चालू. तिसऱ्या दिवशी राखणदाराचा फोन, ‘काका, आज पण शून्य, अजून ओतू?’ जाऊन बघतो तर क्लोरीन भरपूर होतं. जास्त झालं की डीपीडीचा, म्हणजे क्लोरीन मोजायच्या रसायनाचा, गुलाबी रंगच विरंजून जातो आणि नळी पांढरी दिसते! नमुना पातळ करून तपासला तेव्हा गुलाबी आला. अशा पांढऱ्या नळ्या बघून लोक किती हायपो वाया घालवत असतील देव जाणे.

हिरवं गेलं की लगेच निळं येत नाही. मधे तांदळाच्या धुवणासारखं पाणी येतं. ते मेलेलं शेवाळ. तिथेच लोक कंटाळतात. आम्ही गाळणीवरचा दाब चढला की पाणी उलटं फिरवून ती धुवायचो, दिवसातून दोनदा तरी. नवव्या रात्री क्लोरीन मोजलं, सकाळी मोजलं. फरक अर्ध्या पीपीएमचा. रात्री ऊन नाही, आणि क्लोरीन टिकलं म्हणजे खाणारंही कुणी उरलं नाही. खोल बाजूला दहाचं नाणं टाकलं, ते काठावरून दिसलं.

परवा त्या बाजूला गेलो होतो. राखणदार काठावर उकिडवा बसून नळीत ओतत होता, एक डोळा मिटून. मान वर न करता म्हणाला, ‘काका, रावात. ठिपको अजून दिसता.’