‘ड’ वर्गातली गावे

श्रोतेहो, खाण बंद पडली की तिच्यावर वसलेले गाव आपोआप नाहीसे होते, असे आपण गृहीत धरून चालतो. इंग्लंडमधील डरहॅम काउंटीचा इतिहास वाचल्यापासून मला हे मुळीच पटेनासे झाले आहे, आणि आजचे व्याख्यान त्याविषयीच आहे.

तेथील काउंटी कौन्सिलने, म्हणजे जिल्ह्याच्या लोकनियुक्त कारभारी मंडळाने, कित्येक खाणगावे मोडीत काढायचे ठरवले. त्यात मोडले काय, हे आधी पाहिले पाहिजे. कोळशाच्या कंपन्यांनी खाणीच्या तोंडाशी विटांच्या घरांच्या रांगा उभारल्या. खाणकामगाराला घर बहुधा बिनभाड्याचे मिळे आणि जळणाचा कोळसा हा मजुरीचाच भाग असे. समोरासमोरच्या दोन रांगांची परसदारे एका बोळात उघडत. घराच्या वाट्याचा कोळसा गाडीवाला त्या बोळात ओतून जाई, मग तो ढीग फावड्याने परसाच्या भिंतीतील झडपेतून आत लोटायचा. सोमवार धुण्याचा वार असल्यामुळे बोळाच्या आरपार दोऱ्या ताणून त्यांवर चादरी वाळत घातलेल्या असत. नेमकी तेव्हाच कोळशाची गाडी आली की बायकांना काठ्यांनी दोऱ्या उचलून धराव्या लागत, आणि त्या वेळी गाडीवानाला जे ऐकावे लागे त्याचा अनुवाद मी या सभागृहात करणार नाही. कोण आजारी आहे, कोणाच्या चुलीत आज जाळ नाही, हे या बोळात न विचारता कळत असे. प्रार्थनामंदिर, सहकारी दुकान आणि कामगारांचे वाचनालय यांचा उल्लेख इतिहासग्रंथांत सन्मानाने होतो. माझ्या मते गाव खरे जोडून ठेवले ते या बोळाने. (१८७१ पासून भरणाऱ्या डरहॅमच्या खाणकामगार मेळाव्यात बंद पडलेल्या खाणींची निशाणे आजही मिरवली जातात, हे येथे सांगितलेच पाहिजे.)

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मुख्य मुद्दा थोडक्यात मांडतो. या कौन्सिलच्या १९५१ च्या काउंटी विकास आराखड्याने गावांची चार वर्गांत विभागणी केली आणि ११४ गावे शेवटच्या, ‘ड’ वर्गात टाकली. तेथे नवी गुंतवणूक करायची नाही, घरे राहण्यायोग्य उरली नाहीत की ती पाडायची आणि माणसे दुसरीकडे हलवायची, असे धोरण ठरले. विखुरलेल्या लहान वस्त्यांना पाणी, सांडपाणी आणि शाळा पुरवणे महाग पडते, हा नियोजनकारांचा युक्तिवाद खोटा नव्हता. परंतु ज्या गावावर खर्चच करायचा नाही त्याची घरे खचणारच, आणि ती खचली म्हणून पाडणे योग्य ठरणार. निर्णयाने स्वतःचा पुरावा स्वतःच तयार केला. जवळची खाण बंद झाल्यावर कित्येक कामगार बसने दुसऱ्या खाणीवर जात होते, म्हणजे गाव जगू शकत होते. मला सर्वांत जास्त सलते ते हे, की १९१९ मध्ये मजूर पक्षाच्या हाती आलेली देशातील पहिली काउंटी कौन्सिल हीच, आणि तिला निवडून देणारे लोक याच रांगांमध्ये राहत होते.

ॲडिसनसारखे गाव समूळ पाडले गेले. इतरत्र रहिवाशांनी विरोध केला आणि अखेर १९७७ मध्ये हे धोरण मागे पडले. त्या कोळसापट्ट्यातील शेवटची खाण १९९३ मध्ये बंद झाली. यादीतील बहुतेक गावे मात्र आजही नकाशावर आहेत.